खुर्ची एक, जागा अनेक: पर्स्पेक्टिव्हच्या प्रयोगांच्या नोंदी

५ जानेवारी

विषय पक्का केला. एक साधी लाकडी खुर्ची घ्यायची आणि कॅमेऱ्याची जागा बदलली की ती कशी बदलते, म्हणजे तिचा पर्स्पेक्टिव्ह, ते नीट मोजून पाहायचं. पुढे माणूस, इमारत, खेळण्यातली गाडी असे विषय येतील, पण सुरुवात खुर्चीपासून. तिला चार उभे पाय आहेत, आडवी बैठक आहे, सरळ पाठ आहे आणि ती साधारण केवढी असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाय तिरपे झाले, बैठक पसरली, पाठ आखूड झाली की कुणालाही लगेच कळतं. झाडाच्या फोटोत एवढं पटकन कळत नाही. फांदी तिरपी असली तर ती तशीच असेल असं आपण धरून चालतो.

सामान: २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा, २४–१०५ मिमी झूम, ट्रायपॉड, मोजायची टेप, स्पिरिट लेव्हल, खडू, वही.

दोन नियम ठरवले आहेत. पहिला: प्रत्येक फ्रेममागे वहीत तीन आकडे लिहायचे. विषयापासूनचं अंतर, जमिनीपासून कॅमेऱ्याची उंची आणि फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा: लहान तर दृश्य रुंद, मोठा तर अरुंद). फोकल लेंथ, शटर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) हे कॅमेरा फाइलमध्ये आपोआप नोंदवतोच. आपण कुठे उभे होतो आणि कॅमेरा किती उंचावर होता, हे मात्र तो लिहीत नाही, आणि फोटो घडतो तो नेमका तिथेच. दुसरा नियम: फसलेली फ्रेम पुसायची नाही. ‘बाद’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि शेजारी एका ओळीत कारण लिहायचं. ‘छान नाही आली’ हे कारण चालणार नाही. काय बिघडलं आणि कशामुळे, ते आलं पाहिजे.

७ जानेवारी

पहिला प्रयोग मुद्दाम सगळ्यात पायाभूत घेतला. ट्रायपॉड खुर्चीपासून ४ मीटरवर रोवला, तीन पायांखाली खडूने खुणा केल्या आणि जागा अजिबात न हलवता २४, ५० आणि १०५ मिमीवर फ्रेम घेतल्या. मग संगणकावर २४ ची फ्रेम उघडून तिच्यातला तेवढाच भाग क्रॉप केला जेवढा १०५ मध्ये दिसतो, आणि दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून वरचं अर्धपारदर्शक केलं. २४ वर या झूमला थोडं बॅरल डिस्टॉर्शन आहे, सरळ रेषा कडेला बाहेर फुगतात. ते लेन्स प्रोफाइल (त्या लेन्ससाठीची सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती) लावून आधी काढून घेतलं होतं.

रेषेवर रेष बसली. पुढच्या पायाआडून मागचा पाय जेवढा डोकावत होता तेवढाच दोन्हीकडे. मागच्या दाराची चौकट पाठीच्या त्याच पट्टीमागून निघालेली. क्रॉप केलेलं चित्र अर्थातच रवाळ झालं, कारण २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम सव्वा मेगापिक्सेल हातात उरतात. पण मांडणीत फरक नाही.

‘टेली लेन्स अंतर दाबते’, ‘वाइड लेन्स अंतर ताणते’ असं आम्ही सगळेच बोलत आलो (टेली म्हणजे मोठ्या फोकल लेंथची, वाइड म्हणजे लहान). लेन्स त्यातलं काहीच करत नाही. ती समोरच्या दृश्यातला मोठा किंवा छोटा तुकडा कापून देते, बस. वस्तूंचं एकमेकींशी नातं कॅमेरा जिथे उभा आहे त्या बिंदूवर ठरतं. टेली लावली की माणूस मागे सरकतो, वाइड लावली की पुढे घुसतो, आणि पावलांनी केलेल्या बदलाचं श्रेय लेन्सला मिळतं.

फसगत व्हायला आणखी एक कारण आहे, तेही आज दिसलं. एफ/५.६ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान आणि जास्त खोलीपर्यंत स्पष्ट) १०५ ची मागची चौकट धूसर झाली आणि २४ च्या क्रॉपमध्ये ती बरीच स्पष्ट राहिली. धूसर झालेली पार्श्वभूमी मला जवळ आल्यासारखी वाटली. एफ/१६ ला पुन्हा घेतलं तेव्हा हा फरक कमी झाला आणि रेषा जुळलेल्या आहेत हे डोळ्यालाही पटलं.

१० जानेवारी

आज उलटा प्रयोग: खुर्ची फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवायची आणि आपण मागे जायचं. खुर्चीमागे बरोबर ६ मीटरवर दार आहे.

१.५ मीटरवरून २४ मिमी. दार कॅमेऱ्यापासून ७.५ मीटर, म्हणजे खुर्चीच्या पाचपट लांब. खुर्ची ऐसपैस, दार लांबवर, इवलंसं. मग मागे मागे जात ६ मीटरवर आले आणि झूम ९६ च्या आसपास नेला, म्हणजे खुर्ची पुन्हा तेवढ्याच आकाराची. आता दार १२ मीटरवर, खुर्चीच्या दुप्पटच लांब. पहिल्या फ्रेममधल्या दारापेक्षा हे दार अडीचपट मोठं दिसतं आणि थेट खुर्चीच्या पाठीला येऊन भिडतं. खुर्ची जागची हलली नाही, दार हललं नाही. एका फ्रेममध्ये खुर्ची रिकाम्या खोलीत एकटी आहे, दुसरीत कुणीतरी दारातून आत येऊन तिच्यावर बसणार आहे असं वाटतं. गोष्टच बदलते. सिनेमात कॅमेरा मागे नेत नेत त्याच वेगाने झूम आत करतात, त्या डॉली झूमचं गणित हेच. तिथे ते चालू हालचालीत दिसतं म्हणून पोटात गोळा येतो.

या मालिकेतल्या बऱ्याच फ्रेम ‘बाद’मध्ये गेल्या. बैठक. जवळच्या फ्रेममध्ये तिचा पृष्ठभाग भरपूर दिसत होता, लांबच्या फ्रेममध्ये ती पट्टीसारखी बारीक झाली. आधी वाटलं की मागे जाताना ट्रायपॉड खाली बसला. टेपने मोजलं तर उंची तीच, १.५ मीटर. मग वहीत त्रिकोण काढला. बैठक जमिनीपासून ४५ सेंमी, म्हणजे कॅमेरा तिच्यापेक्षा १.०५ मीटर वर. १.५ मीटरवरून पाहताना नजर ३५ अंशांनी खाली उतरते, ६ मीटरवरून केवळ १० अंशांनी. नजर जितकी सपाट तितकी बैठक बारीक. म्हणजे यात बिघाड असा नव्हताच. जवळच्या फ्रेमसारखीच बैठक हवी असेल तर मागे जाताना कॅमेरा त्याच प्रमाणात उंच न्यायला हवा. ६ मीटरला ती उंची ४.६५ मीटर होते! शिडीशिवाय शक्य नाही. उलट बाजूने जाणं सोपं: जवळच्या फ्रेमला कॅमेरा बैठकीच्या थोडाच वर, ७० सेंमीवर आणला, तेव्हा जोडी जुळली.

जवळच्या फ्रेममधला दुसरा दोष खरा होता. १.५ मीटर उंचीवरून जवळच्या खुर्चीकडे पाहायचं तर कॅमेरा खाली वाकवावा लागतो, आणि मग पाय खालच्या दिशेने एकमेकांकडे झुकतात. ७० सेंमीवर कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवता आला आणि तेही सुटलं.

१६ जानेवारी

आज फोटो नाहीत. ‘बाद’ फोल्डर चाळला. अर्ध्याहून जास्त ठिकाणी कारण एकच निघतं: पुढची वस्तू आणि मागची वस्तू एकमेकींना चिकटली. खुर्चीच्या पाठीतून खिडकीची चौकट वर उगवलेली, हात जिथे संपतो तिथेच बरोबर फरशीची रेघ. डोळ्याला हे तिथे उभं असताना दिसत नाही, कारण आपल्याला दोन डोळे आहेत आणि डोकं सतत थोडं हलत असतं. मेंदू पुढचं-मागचं वेगळं करून ठेवतो. कॅमेऱ्याला डोळा एक आणि तोही स्थिर.

उपाय फार लहान आहे. एक वीतभर बाजूला सरकायचं. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, आणि मधे फट पडते. तेवढ्याशा फटीने खुर्ची भिंतीपासून सुटी होते. आता क्लिक करण्याआधी एक डोळा मिटून फ्रेमच्या चारही कडा आणि विषयाची बाह्यरेषा नजरेने फिरून यायची सवय लावते आहे.

१८ जानेवारी

उंची. आतापर्यंत काढलेले माझे जुने फोटो पाहिले तर जवळपास सगळे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून आहेत. रशियन छायाचित्रकार अलेक्झांडर रॉडचेंको याने १९२८ मध्ये अशाच सवयीवर लिहिलं होतं. त्या काळी कॅमेरा पोटाशी धरून वरून व्ह्यूफाइंडरमध्ये डोकावत, म्हणून तो त्याला बेंबीच्या उंचीचे फोटो म्हणत असे. त्याचा आग्रह होता की शहर वरून पाहा, खालून पाहा, तिरपं पाहा. त्याने स्वतः राहत्या इमारतीच्या बाल्कन्या थेट खालून वर पाहत टिपल्या, त्या १९२५ च्या फ्रेम आजही ताज्या वाटतात.

कॅमेरा फरशीवर टेकवला, मग गुडघ्याइतका, मग डोळ्यांइतका, मग शिडीवरून. फरशीवरून खुर्ची कमान होते. बैठकीचा खालचा भाग, खिळे, एका पायाला लावलेली पाचर, सगळं दिसतं. बसणाऱ्याला कधी न दिसलेली खुर्ची. शिडीवरून ती एक चौकोन आणि त्याची लांब सावली उरते. डोळ्यांच्या उंचीवरची फ्रेम या दोघींच्या शेजारी ठेवली की मुकी वाटते, पण तीच सगळ्यात विश्वासू आहे. खुर्ची विकायची असती तर तीच दिली असती.

इथे एक नियम कळला आणि तो फार कामाचा आहे. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा सगळ्या वस्तूंना कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते, वस्तू जवळ असो की लांब. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर पुढच्या माणसाच्याही खांद्याजवळून क्षितिज जातं आणि शंभर मीटरवरच्या त्याच उंचीच्या माणसाच्याही. गर्दीचा फोटो डोळ्यांच्या उंचीवरून घेतला की सगळी डोकी एका ओळीत येतात ती यामुळे. कॅमेरा कमरेवर आणला की जवळची डोकी क्षितिजाच्या खूप वर जातात आणि लांबची थोडीच वर, मग ओळ फुटते आणि फोटोत खोली येते. कुणाचाही फोटो हातात आला की क्षितिज कुठे कापतंय ते पाहून कॅमेरा किती उंचावर होता ते सांगता येतं. काल रात्री जुने अल्बम काढून तेच करत बसले होते.

२२ जानेवारी

माणसावर पहिला प्रयोग. धाकटा भाऊ बसला. नाकाच्या शेंड्यापासून कॅमेरा ३० सेंमी, मग ६० सेंमी, मग १.५ मीटर, मग ३ मीटर. चेहरा फ्रेममध्ये सगळीकडे शक्य तेवढा सारखा मोठा.

३० सेंमीचा फोटो पाहून तो म्हणाला, “ताई, हा मी नाहीये.” तो खरोखरच तसा दिसत नव्हता. नाक पुढे आलेलं, कपाळ फुगलेलं, कान गालांआड गेलेले. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंमी धरले तर ३० सेंमीवरून नाक कानाच्या मानाने ४० टक्के जास्त मोठं उमटतं. १.५ मीटरवर हा फरक ८ टक्क्यांवर येतो, ३ मीटरवर ४ टक्क्यांवर. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सेल्फीवर हेच गणित मांडलं होतं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के जास्त दिसते. नाक मोठं आहे म्हणून स्वतःवर नाराज होणाऱ्यांनी आधी फोन किती जवळ धरला होता ते आठवावं. हे मी मनापासून लिहिते आहे. या एका गैरसमजापायी किती जण आपल्या चेहऱ्याशी भांडत बसतात.

“मग लांबून काढलेला सगळ्यात चांगला ना?” हा त्याचा पुढचा प्रश्न. तसंही नाही. ३ मीटरच्या फ्रेममध्ये चेहरा नीटनेटका आहे पण थोडा सपाट, कान रुंद बसलेले. आई-वडिलांनी चौघांतला १.५ मीटरचा उचलला, काहीही न सांगता. समोरासमोर बसून बोलताना आपण एकमेकांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. ओळखीचा चेहरा मनात त्याच अंतराचा साठलेला असावा असं मला वाटतं.

३० सेंमीची फ्रेम मात्र ‘बाद’मध्ये टाकली नाही. त्याने हात पुढे केला होता, तळवा डोक्याएवढा आला आहे, आणि त्या फोटोत जो आवेश आहे तो बाकी तिघांत नाही.

२७ जानेवारी

इमारत. साधारण २० मीटर उंच, समोर मोकळी जागा. जवळ उभं राहून कॅमेरा वर केला आणि अपेक्षेप्रमाणे भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकल्या, इमारत मागे पडते आहे असं दिसतं. सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही की हे होणारच. त्याला लेन्सचा दोष म्हणून चालणार नाही. कितीही महागडी लेन्स लावली तरी हेच होईल.

कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवून सगळी इमारत मावायला किती मागे जावं लागेल? २४ मिमी, कॅमेरा उभा धरलेला: फ्रेमचा वरचा अर्धा भाग अंतराच्या ०.७५ पट उंची दाखवतो. कॅमेरा १.५ मीटरवर, म्हणजे उरलेल्या १८.५ मीटरसाठी जवळपास २५ मीटर मागे. कॅमेरा आडवा धरला तर ३७ मीटर. २५ मीटरवर गेले, भिंती ताठ उभ्या राहिल्या, पण फ्रेमचा खालचा अर्धा भाग नुसती जमीन. ती कापून टाकली. निम्मे पिक्सेल गेले, पण जे उरलं ते स्वच्छ आहे.

शिफ्ट लेन्स हाच उद्योग पिक्सेल न गमावता करते: कॅमेरा सरळच राहतो, लेन्स तेवढी वर सरकते. मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांत ही सोय पूर्वापार होती. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी पहिली शिफ्ट लेन्स निकॉनने १९६२ मध्ये आणली. माझ्याकडे नाही, आणि या प्रकल्पासाठी नकोही.

सॉफ्टवेअरने झुकलेली फ्रेम सरळ करून पाहिली. होते, पण वरचे मजले ताणून रुंद करावे लागतात. तिथला तपशील मऊ पडतो, दोन्ही बाजूंचे त्रिकोण कापले जातात आणि उंचीचं प्रमाण बिघडतं, ते पुन्हा हाताने जुळवावं लागतं. शिवाय पूर्ण काटकोनात आणलेली इमारत वर जाता जाता रुंद झाल्यासारखी भासते, कारण खालून वर पाहताना थोडं निमुळतं दिसण्याची डोळ्याला सवय आहे. थोडा झुकाव शिल्लक ठेवला तेव्हा ती जागेवर बसली. सॉफ्टवेअर वापरायचंच असेल तर घेतानाच फ्रेम ऐसपैस ठेवावी.

मग भिंतीला पाठ लागेपर्यंत जवळ जाऊन कॅमेरा जवळपास आभाळाकडे केला. भिंती धावत जाऊन एका बिंदूत मिळतात, आणि ती फ्रेम झकास आहे. अडचण मधल्या कोनांची आहे. ५-७ अंशांचा झुकाव पाहणाऱ्याला चुकून झाल्यासारखा वाटतो, ६० अंशांचा मुद्दाम केलेला. व्ह्यूफाइंडरमधली लेव्हल आता कायम चालू ठेवली आहे. झुकवायचं असेल तर किती, ते त्या आकड्यावर पाहून.

३१ जानेवारी

हा प्रयोग सगळ्यात जास्त आवडला. टेबलावर एकसारखे चेंडू एका सरळ रांगेत, रांग सेन्सरला समांतर, २४ मिमी. मधला चेंडू गोल. कडेचे चेंडू बाहेरच्या बाजूला ताणले जाऊन लंबगोल झाले. ३० सेंमी रुंद प्रिंट काढून मोजलं: कडेचा चेंडू १९ मिमी उंच आणि २३ मिमी रुंद.

सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्सला ही किंमत मोजावीच लागते. कडेची वस्तू तिरप्या कोनातून येऊन सपाट सेन्सरवर पडते, म्हणून बाहेरच्या दिशेला पसरते. २४ मिमीच्या आडव्या फ्रेमच्या अगदी टोकाला हा ताण सव्वापट होतो. चेंडू त्याच्या किंचित आत होता, म्हणून २३ ला १९. हिशोब जुळतो. लेन्स बिघडलेली नाही, उलट ती आपलं काम चोख करते आहे. फिशआयने (सरळ रेषा वाकवणाऱ्या अतिरुंद लेन्सने) चेंडू जवळपास गोल राहिला असता, पण टेबलाची कड वाकली असती. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता खरी गंमत. सेन्सर ३६ मिमी रुंद, प्रिंट ३०० मिमी, म्हणजे सव्वाआठ पटींच्या वर मोठं केलं. त्या पटीने २४ मिमीला गुणलं की २०० मिमी येतात. प्रिंटच्या मध्यासमोर बरोबर २० सेंमीवर एक डोळा ठेवायचा, दुसरा मिटायचा. कडेच्या चेंडूकडे नजर वळवली आणि तो गोल झाला! कागद तोच, शाई तीच. डोळा आता प्रिंटच्या मानाने तिथे आहे जिथे चित्र घेताना लेन्स होती. कडेचा चेंडू तिरपा पाहिला जातो आणि जेवढा ताणलेला तेवढाच आखडतो. हळूहळू मागे सरकलं की तो पुन्हा पसरायला लागतो. घरातल्या प्रत्येकाला बोलावून हे करायला लावलं.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने बॅप्टिस्टरीच्या (बाप्तिस्म्यासाठीच्या इमारतीच्या) चित्रावर असाच प्रयोग केला होता. चित्राला त्याने एक भोक पाडलं, पाहणाऱ्याने मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र पाहायचं. डोळा कुठे असावा ते त्या भोकाने पक्कं केलं. कॅमेरा यायच्या चारशे वर्षं आधी!

समूहाचा फोटो काढताना कडेची माणसं का जाडी होतात ते यातच आलं. २४ ने जवळून घेण्यापेक्षा मागे जाऊन ५० ने घ्यावं. जागा नसेल तर निदान कडेला मोकळी जागा सोडून माणसं मध्याकडे आणावीत. फ्रेमच्या टोकाला पाय नको, हात नको, आणि चेहरा तर नकोच.

९ फेब्रुवारी

फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह. खेळण्यातली गाडी खऱ्या रस्त्यावर उभी आहे असं दाखवायचं. गाडी १:१८ मापाची. म्हणजे १ मीटरवर ठेवलेली ही गाडी १८ मीटरवरच्या खऱ्या गाडीएवढी दिसणार. फळी एका स्टँडवर आडवी ठेवली, तिच्यावर गाडी, मागे खरा रस्ता आणि झाडं.

पहिल्या खेपेला आकार जुळला तरी गाडी खोटी वाटत होती. कारण १८ जानेवारीच्या नोंदीत लिहिलेलंच होतं: क्षितिज कॅमेऱ्याच्या उंचीवर कापतं. कॅमेरा खऱ्या रस्त्यापासून १.५ मीटरवर असेल तर गाडीच्या जगात तो दीड मीटरच्या अठराव्या भागावर हवा, म्हणजे फळीपासून ८.३ सेंमी वर. माझा कॅमेरा फळीपासून २० सेंमीवर होता. गाडीच्या हिशोबाने साडेतीन मीटरहून उंच. गाडी कुणीतरी गच्चीवरून पाहतंय आणि रस्ता मात्र जमिनीवर उभं राहून. फळी वर उचलून ८.३ सेंमीवर आणल्याबरोबर ती रस्त्यावर टेकली. फळीची मागची कड १.२ मीटरवर आहे, ती आता बरोबर २१.६ मीटरवरच्या रस्त्याशी मिळते. त्या अंतरावर रस्त्यात काही खूण, भेग, पाणी आहे का ते पाहून घ्यायचं, नाहीतर सांधा उघडा पडतो.

मग फोकस. एफ/४ ला रस्ता मऊ झाला आणि खोटेपणा उघड. २४ मिमीला एफ/११ वर हायपरफोकल अंतर पावणेदोन मीटरच्या आसपास येतं. तिथे फोकस लावला की ९० सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट राहतं. गाडी १ मीटरवर, म्हणजे जेमतेम आत. एफ/२२ पर्यंत गेले नाही, डिफ्रॅक्शनने (अगदी लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) सगळीच फ्रेम मऊ होते.

शेवटी फळीचा पृष्ठभाग. फळीवर वाळू पसरली होती. गाडीच्या चाकापाशी झूम करून पाहिलं तर टायरला लागून दगडगोटे पडलेले. १ मिमीचा कण इथे १८ मिमीचा खडा होतो! वाळू चाळणीने चाळली, मग बारीक कापडातून गाळली, आणि उरलेली पूड ब्रशने पसरली. चाकाखाली थोडी दाबली, म्हणजे गाडीला वजन आलं. वजन दिसलं पाहिजे, एरवी ती तरंगते.

१५ फेब्रुवारी

लांबच्या डोंगररांगा १०५ वर. फिकट, निळसर, कडा विरलेल्या. यात झूमचा काही दोष नाही. मधे कित्येक किलोमीटर हवा आहे. तिच्यातून निळा प्रकाश जास्त विखुरतो, धूळ आणि बाष्प कॉन्ट्रास्ट खातात. संगणकावर डिहेझ (धुरकटपणा काढायची सोय) ओढलं तर रांगा काळ्याभोर होऊन एकाच पुठ्ठ्यातून कापल्यासारख्या झाल्या, अंतरच नाहीसं झालं. मूळ फ्रेम ठेवली. एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या रांगांमुळेच तर तिथे अंतर आहे.

२० फेब्रुवारी

भिंतीवर लावायच्या प्रिंट निवडल्या. मुख्य जोडी अर्थात १० जानेवारीची: २४ मिमी १.५ मीटरवरून आणि ९६ मिमी ६ मीटरवरून, दोन्ही ६० सेंमी रुंद. शेजारी शेजारी लावायचा विचार होता. पण चेंडूंचा हिशोब इथेही लागू आहे. ६० सेंमी रुंदीला २४ च्या प्रिंटची योग्य जागा ४० सेंमीवर येते, ९६ ची १.६ मीटरवर. शेजारी लावल्या तर पाहणारा साधारण दीड मीटरवर उभा राहणार; ९६ ची प्रिंट त्याला सहज वाटेल आणि २४ ची विचित्र, आणि तो ती वाइड लेन्सची करामत समजून पुढे जाईल. २४ ची प्रिंट दीड मीटरवरून बरोबर दिसायची तर सव्वादोन मीटर रुंद हवी. ते शक्य नाही.

म्हणून २४ ची प्रिंट अरुंद बोळात लावायची ठरवली, जिथे समोरच्या भिंतीमुळे कुणाला मागे जाताच येणार नाही. ९६ ची बोळ संपतो त्या मोकळ्या खोलीत, समोरच्या भिंतीवर. आधी खुर्चीजवळ नाक खुपसून उभं राहायचं, मग बाहेर येऊन लांबून तीच खुर्ची. प्रिंटचा मध्य जमिनीपासून १.५ मीटर. मुलांसाठी बोळात एक ठोकळा ठेवायचा.

प्रिंटखाली नावं नकोत. अंतर आणि उंची, एवढंच टाइप करून चिकटवायचं. भावाच्या ३० सेंमीच्या फ्रेमसाठी त्याची परवानगी विचारली, तो हो म्हणाला आहे. ती किती मोठी काढायची ते अजून ठरायचं आहे. उद्या बोळ मोजायचा.